चिपसेटमध्ये टायमर आहे, पण कर्नलला दिसत नाही: काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयसीएच९ साउथब्रिजचा (इंटेलच्या, टायमर आणि जोडण्या सांभाळणाऱ्या सोबतच्या चिपचा) जुना औद्योगिक बोर्ड, त्यावर लिनक्स. डेटाशीट सांगते की चिपमध्ये एचपीईटी (हाय प्रिसिजन इव्हेंट टायमर) आहे, पण कर्नल ज्यांवरून वेळ मोजू शकतं त्या घड्याळांच्या, म्हणजे उपलब्ध क्लॉकसोर्सच्या यादीत त्याचं नाव नाही. टीएससीला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या काउंटरला, कर्नलने ‘अनस्टेबल’ ठरवून बाजूला काढलंय आणि सगळा कारभार चिपसेटमधल्या एसीपीआय पीएम टायमर या साध्या टायमरवर चाललाय. बायोस सेटअपमध्ये पर्याय नाही, नवं फर्मवेअर मिळण्याची शक्यता नाही, आणि बूट ओळीत (कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या पर्यायांत) ‘एचपीईटी=फोर्स’ लिहूनही काहीच बदललं नाही.

‘टायमर लपलाय’ या एका तक्रारीखाली तीन निरनिराळे दोष असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पहिला: चिपमधला टायमर शाबूत आहे, पण फर्मवेअरने त्याचा पत्ता उघडणारा बिट लावलेलाच नाही. दुसरा: बिट लावलाय, टायमर मोजतोय, पण एसीपीआयमध्ये, म्हणजे फर्मवेअर हार्डवेअरची माहिती कर्नलला देतं त्या टेबलांत, त्याचं टेबल नाही, म्हणून कर्नल तिकडे बघतच नाही. तिसरा: टेबल आहे, पण त्यातली माहिती चुकीची आहे. आपल्याकडे यातला कोणता आहे हे कळल्याशिवाय बूट ओळीत काहीही लिहू नका.

हे का घडतं, तेही बघू. एचपीईटीचं तपशीलपत्र इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून केलं, त्याची १.०ए आवृत्ती ऑक्टोबर २००४ची. त्या काळातले कितीतरी बोर्ड विंडोज एक्सपी गृहीत धरून बाजारात आले आणि एक्सपी वेळ मोजायला एचपीईटी वापरत नव्हतं. जे कोणी वापरत नाही ते कोणी तपासतही नाही. त्यामुळे तो बिट न लावताच फर्मवेअर पास झालं. पुढे २००७ मध्ये लिनक्स २.६.२१ बरोबर टिकलेस (काम नसताना ठरावीक ठोके थांबवणारं) कर्नल आलं, तेव्हा हा दोष एकदम डोळ्यांवर आला. प्रोसेसर सी३ सारख्या खोल झोपेत गेला की त्या काळात लोकल एपिकचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या इंटरप्ट नियंत्रकाचा, टायमरही थांबायचा, आणि त्याला उठवायला बाहेरचा टायमर लागायचा. एचपीईटी नसेल तर हे काम जुन्या ८२५४ पीआयटीवर यायचं. पीआयटी १६ बिटांचा, वारंवारता ११,९३,१८२ हर्ट्‌झ. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ५५ मिलिसेकंदांचा गजर. काही काम नसतानाही प्रोसेसर सेकंदाला अठरा-एकोणीस वेळा जागा होणार आणि लॅपटॉपची बॅटरी जळत राहणार. सक्तीने एचपीईटी चालू करणारा कोड कर्नलमध्ये आला तो या गरजेतून.

आता तुमच्या ‘फोर्स’चं कोडं. या पर्यायाच्या नावावरून वाटतं की कर्नल कसंही करून टायमर शोधून काढेल. तसं होत नाही. कर्नलमध्ये, एक्स८६ विभागातल्या क्वर्क्सच्या (विशिष्ट हार्डवेअरच्या दोषांवरच्या उपायांच्या) फाइलमध्ये, ठरावीक चिपसेटच्या पीसीआय आयडींची यादी आहे. आयसीएच६ पासून आयसीएच१० पर्यंतचे जे आयडी त्या यादीत आहेत, त्यांच्यावर एसीपीआयने एचपीईटी सांगितलं नसेल तर कर्नल ते आपणहून चालू करतं; ‘फोर्स’ लिहायचीही गरज नसते. ‘फोर्स’ची परवानगी लागते ती आयसीएच४-५, व्हिया, एनव्हिडिया एनफोर्स अशा चिपसाठी, जिथे या रजिस्टरची अधिकृत माहिती अपुरी होती आणि धोका वापरणाऱ्याने पत्करायचा होता. आणि तुमचा आयडी यादीतच नसेल, तर ‘फोर्स’ लिहा नाहीतर लिहू नका, त्या बिटाला हात लावणारा कोडच चालत नाही. आयसीएच९ मध्ये एकाच पिढीत साउथब्रिजचे अनेक आयडी आहेत आणि यादीत ते सगळे नाहीत. ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएन’ पर्याय देऊन ००:१एफ.० या एलपीसी ब्रिजचा (साउथब्रिजमधल्या एका उपकरणाचा) आयडी काढा आणि तुमच्या कर्नलच्या क्वर्क्स फाइलमध्ये शोधा. माझा अंदाज आहे की तो तिथे सापडणार नाही, आणि तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटेल.

पुढचं पाऊल म्हणजे चिपलाच विचारणं. आयसीएच६ नंतरच्या या कुटुंबात एलपीसी ब्रिजच्या कॉन्फिगरेशन जागेत हेक्स एफ० या ऑफसेटवर आरसीबीए नावाचं रजिस्टर आहे. त्यात एका १६ केबी मेमरी-पट्ट्याचा पत्ता असतो. सगळ्यात खालचा बिट फक्त ‘पट्टा चालू’ एवढं सांगतो, तो पत्त्यातून वगळा. त्या पट्ट्यात हेक्स ३४०४ वर एचपीटीसी रजिस्टर आहे. त्याचा सातवा बिट म्हणजे दार उघडणारा बिट, आणि खालचे दोन बिट चार पत्त्यांपैकी एक निवडतात: हेक्स एफईडी०००००, एफईडी०१०००, एफईडी०२००० किंवा एफईडी०३०००. ‘सेटपीसीआय’ने आरसीबीए वाचा, मग भौतिक मेमरी वाचणाऱ्या एखाद्या साधनाने ३४०४ वाचा. वाचन ३२ बिटांचंच करा. वितरकाच्या कर्नलमध्ये भौतिक मेमरी वाचायला बहुधा मज्जाव असतो. अशा वेळी तपासणीपुरतं निर्बंध नसलेलं कर्नल बूट करणं सोपं पडतं.

सातवा बिट शून्य असेल तर दोष पहिल्या प्रकारचा. एक असेल आणि बूट लॉगमध्ये एसीपीआयच्या टेबलांत एचपीईटी नसेल तर दुसऱ्या प्रकारचा. निवडलेल्या पत्त्यावर नुसतं वाचन करूनही हेच कळतं. दार बंद असेल तर सगळे बिट एक, म्हणजे एफएफएफएफएफएफएफएफ, हाती येतात. उघडं असेल तर पहिल्या शब्दात ८०८६ हा इंटेलचा विक्रेता क्रमांक आणि काही क्षमता-बिट दिसतात. त्याच्या पुढचा, ऑफसेट ४ वरचा शब्द मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यात काउंटरच्या एका टिकेचा काळ फेम्टोसेकंदांत लिहिलेला असतो. १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झच्या नेहमीच्या काउंटरसाठी तो ६,९८,४१,२७९ असतो. तपशीलपत्रानुसार तो १०,००,००,००० पेक्षा जास्त असता कामा नये, कारण एचपीईटी किमान १० मेगाहर्ट्‌झने चाललंच पाहिजे. इथे शून्य किंवा भलताच आकडा आला तर समोर एचपीईटी नाही, दुसरंच काहीतरी आहे. लगेच थांबा.

पहिल्या प्रकारच्या दोषावर दोन वाटा आहेत. माझ्या मते सरळ वाट म्हणजे क्वर्क्सच्या यादीत आपल्या आयडीची एक ओळ घालून कर्नल बांधणं. रजिस्टरची जागा त्याच कुटुंबातली आहे, त्यामुळे नवा कोड लिहावा लागत नाही. यात एक मोठा फायदा आहे जो पटकन लक्षात येत नाही. यंत्र सस्पेंडमधून उठतं तेव्हा फर्मवेअर पुन्हा धावतं आणि तो बिट पुन्हा पुसला जाऊ शकतो. कर्नलचा क्वर्क स्वतःने काय लावलं होतं ते लक्षात ठेवतो आणि उठताना पुन्हा लावतो. तुम्ही हाताने किंवा स्क्रिप्टमधून बिट लावला असेल तर हे कोणी करणार नाही. झोपेतून उठल्यावर क्लॉकसोर्स अचानक सगळे बिट एक दाखवू लागतो आणि यंत्र गोठतं, आणि दोष ग्राफिक्स ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. सस्पेंडच्या अशा तक्रारी आल्या की मी आधी बूट ओळ आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टा मागवतो.

दुसरी वाट बूटलोडरमधून जाते. ग्रबमध्ये पीसीआय रजिस्टर वाचायची-लिहायची आणि मेमरीत ३२ बिट लिहायची आज्ञा आहे. कर्नल सुरू होण्याआधीच आरसीबीए वाचून ३४०४ वर सातवा बिट लावता येतो. कर्नल पुन्हा बांधणं शक्य नसेल तिथे हे बरं. पण आधीचं मूल्य वाचून त्यात फक्त तो एक बिट मिसळा, आख्खं रजिस्टर नव्या आकड्याने झाकू नका. सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रब या आज्ञा नाकारतो, आणि ते योग्यच आहे. कधीही न बंद होणाऱ्या, न झोपणाऱ्या यंत्राला ही वाट चालते, लॅपटॉपला नाही.

नुसता बिट लावून मात्र भागत नाही, कारण टेबल नसेल तर कर्नलला पत्ता कोण सांगणार? म्हणून दुसऱ्या वाटेला, आणि आयडी क्वर्क्सच्या यादीत नसेल तर दुसऱ्या प्रकारच्या दोषालाही, टेबल आपल्याला पुरवावं लागतं. एचपीईटीचं टेबल अवघं ५६ बाइटांचं आहे: ३६ बाइटांचं नेहमीचं शीर्ष, मग चार बाइटांची ओळख, बारा बाइटांत पत्ता, आणि शेवटी क्रमांक, किमान टिक व संरक्षणाचे बिट. इंटेलचा आयएएसएल कंपायलर त्याचा साचा काढून देतो आणि चेकसमही तोच बसवतो. साच्यातला पत्ता आणि ओळखीचे चार बाइट तुम्ही चिपमधून वाचलेल्या मूल्यांशी जुळवा. तयार फाइल ‘कर्नल/फर्मवेअर/एसीपीआय’ या मार्गावर ठेवून सीपीआयओ संग्रह करा आणि तो इनिटआरडीच्या (कर्नलसोबत लोड होणाऱ्या सुरुवातीच्या फाइलच्या) अगदी सुरुवातीला जोडा. हा संग्रह दाबलेला नसावा. कर्नल तो फार लवकर, दाबलेली फाइल उलगडायची सोय येण्याआधीच वाचतं. टेबल फर्मवेअरमध्ये अजिबात नसेल तर ते नव्याने बसतं. आधीपासून असेल तर तुमच्या टेबलाचा ओईएम रिव्हिजन आकडा मोठा असावा लागतो, नाहीतर मुकाट्याने दुर्लक्ष होतं. कर्नल लॉकडाउनमध्ये (हार्डवेअरला थेट हात लावायला मज्जाव असलेल्या स्थितीत) असेल तर हाही मार्ग बंद असतो.

इथे बरेच जण डीएसडीटी (एसीपीआयचं उपकरणांचं मुख्य टेबल) उलगडून बसतात. त्यात पीएनपी०१०३ नावाचं साधन असतं आणि त्याची ‘_एसटीए’ पद्धत अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिम कोणती ते बघून शून्य किंवा पंधरा परत करते. ते वाचून वाटतं की लपवाछपवी सापडली. पण लिनक्सचं मुख्य एचपीईटी क्लॉकसोर्स डीएसडीटीतून येत नाही, वर सांगितलेल्या स्वतंत्र टेबलातून येतं. डीएसडीटीतलं साधन लागतं ते यूजरस्पेससाठी एचपीईटी उघडणाऱ्या कॅरेक्टर ड्रायव्हरला आणि पत्त्याची जागा राखून ठेवायला. डीएसडीटी बदलून क्लॉकसोर्सच्या यादीत एचपीईटी येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरा प्रकार, चुकीचं टेबल. काही फर्मवेअर एचपीईटीचा पत्ता सरळ शून्य सांगतात. काहींनी ६४ बिटांच्या रकान्यात एफईडी०००००ची जागाच चुकवली आणि त्यामागे आठ शून्यं जास्त लागून पत्ता एफईडी००००००००००००० झाला. लिनक्सच्या एसीपीआय बूट कोडमध्ये या दोन्हींची दखल आहे: पहिल्यात टेबल अवैध म्हणून सोडून दिलं जातं, दुसऱ्यात ६४ बिट कर्नल ‘एचपीईटी=फोर्स’ दिलं असेल तरच पत्ता दुरुस्त करून लॉगमध्ये तसं सांगतं, नाहीतर तो पर्याय वापरून बघा असं सुचवून टेबल सोडून देतं. म्हणून बूट लॉगमध्ये ‘एचपीईटी’ हा शब्द शोधताना तो ‘सापडला की नाही’ एवढंच बघू नका, पूर्ण ओळ वाचा. एकाच शोधात ‘पत्ता दुरुस्त केला’, ‘काउंटर मोजत नाही’ आणि ‘बायोसमध्ये चालू नाही’ हे तिन्ही निराळे निकाल मिळू शकतात, आणि प्रत्येकाचं पुढचं पाऊल निराळं आहे.

समजा टायमर दिसला. त्यावर लगेच विश्वास टाकू नका. फर्मवेअरने तो लपवला तो बहुतेक वेळा निष्काळजीपणाने, पण कधीकधी त्या बोर्डावर तो खरंच बिघडलेला असतो. एका घड्याळाची पारख दुसऱ्या, स्वतंत्र घड्याळानेच होते. पीएम टायमर ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झचा आहे आणि एचपीईटीच्या नेहमीच्या वारंवारतेच्या बरोबर पाव पट, कारण दोघांचा उगम सहसा त्याच १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झमध्ये असतो. म्हणून या दोघांची तुलना काउंटर नीट वाचला जातोय हे सांगते, पण मूळ क्रिस्टलच वाहवत असेल तर ते लपवते. त्यासाठी नेटवर्कवरची वेळ हवी: क्रॉनी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) काही तास चालू ठेवा आणि वारंवारतेची दुरुस्ती किती पीपीएम (दशलक्षात किती भाग) येते ते बघा. काही दहा पीपीएमपर्यंतचा फरक क्रिस्टलचा मानता येतो. आकडा पाचशेकडे गेला तर कर्नलच्या दुरुस्तीची मर्यादाच संपते. आणि चाचणी पाच मिनिटांच्या पुढे चालवा. ३२ बिटांचा एचपीईटी काउंटर १४.३१८ मेगाहर्ट्‌झला साधारण ३०० सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो, आणि तिथले दोष त्याआधी दिसत नाहीत. पीएम टायमर २४ बिटांचा असेल तर तो ४.७ सेकंदांतच फिरतो, त्यामुळे तुलना करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे उलटणं धरलेलं असू द्या. शेवटी झोपवून उठवा आणि सगळं पुन्हा तपासा.

आता एचपीईटी तुम्हाला हवंच आहे का, ते बघू. तुमच्या लक्षणांत मला जास्त खटकतं ते टीएससीचं ‘अनस्टेबल’ होणं. टीएससी प्रोसेसरच्या आत वाचला जातो, दहा-वीस नॅनोसेकंदांत, आणि कर्नलमध्ये न शिरता. एचपीईटी वाचायला साउथब्रिजपर्यंत जाऊन यावं लागतं; त्याला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जातो. पीएम टायमरचं तर त्याहून बरं नाही. तेव्हा तुम्हाला वेळ वारंवार वाचणारा प्रोग्रॅम वेगवान करायचा असेल तर एचपीईटी मिळवून फारसा लाभ नाही. टीएससी परत मिळवणं हा खरा लाभ. प्रोसेसर इन्व्हेरियंट (प्रोसेसरचा वेग बदलला तरी एकाच गतीने चालणारा) टीएससी देतो का बघा. देत असेल तर अस्थिरतेचं मूळ बहुधा फर्मवेअरमध्येच आहे. काही फर्मवेअर एसएमआयमध्ये (कर्नलच्या नकळत चालणाऱ्या फर्मवेअरच्या कोडमध्ये) घालवलेला वेळ लपवण्यासाठी टीएससी मागे ओढतात, किंवा एखाद्या कोअरचा टीएससी इतरांपेक्षा वेगळा सोडतात. नव्या प्रोसेसरमध्ये टीएससी_ॲडजस्ट नावाचं एमएसआर (प्रोसेसरमधलं खास रजिस्टर) आहे, हेक्स ३बी. टीएससीत कोणी लिहिलं की त्याची नोंद तिथे राहते. कर्नल ती बघतं, ‘फर्मवेअर बग’ अशी ओळ लिहितं आणि दुरुस्तही करतं. तुमच्या पिढीत हे एमएसआर नाही, म्हणून वॉचडॉगवर, म्हणजे एका घड्याळाची दुसऱ्याशी सतत तुलना करणाऱ्या कर्नलच्या तपासणीवर, अवलंबून राहावं लागतं. ‘टीएससी=रिलायेबल’ लिहून वॉचडॉगचं तोंड बंद करणं सोपं आहे, पण टीएससी खरंच सरकत असेल तर वेळ मागे जाण्याचे प्रकार डेटाबेसपर्यंत पोहोचतात. सगळ्या कोअरवर टीएससी मोजून खात्री झाल्याशिवाय हा पर्याय वापरू नये.

नव्या यंत्रांवर चित्र उलटं आहे, आणि जुने सल्ले वाचून लोक तिथे फसतात. बे ट्रेल आणि पुढे कॉफी लेक, आइस लेक अशा इंटेल प्लॅटफॉर्मवर खोल निद्रेत एचपीईटी थांबतं. प्रोसेसरचं पॅकेज पीसी१० अवस्थेत गेलं की काउंटर रेंगाळतो, आणि वॉचडॉग त्या चुकीच्या काट्याला प्रमाण मानून चांगल्या टीएससीला दोषी ठरवतो. म्हणून लिनक्सने आधी एकेका प्लॅटफॉर्मवर आणि २०२१ पासून पीसी१० असलेल्या यंत्रांवर सरसकट एचपीईटी बंद करायला सुरुवात केली. अशा यंत्रावर ‘पीसी१० मध्ये निकामी, सक्तीने बंद’ अशा अर्थाची ओळ दिसली तर टायमर फर्मवेअरने लपवलेला नाही, कर्नलने जाणूनबुजून काढलाय. तो परत आणू नका. तिथे आरसीबीएही उरलेला नाही. ही रजिस्टरं पी२एसबी नावाच्या, फर्मवेअरने बहुधा दडवलेल्या साधनामागे गेली आहेत.

हाच विचार इतर टायमरांनाही लागतो, म्हणून ओझरता उल्लेख करतो. फर्मवेअरच्या एफएडीटी टेबलात पीएम टायमरचा पोर्ट चुकला असेल तर ‘पीएमटीएमआर=’ पुढे योग्य पोर्ट हेक्समध्ये देता येतो. एनफोर्स२ च्या काही बोर्डांवर फर्मवेअर सांगायचं की टायमरचा आयआरक्यू ० (इंटरप्ट) आयओ-एपिकच्या पिन क्रमांक २ वर आहे, प्रत्यक्षात तसं नसायचं. त्यासाठी ‘एसीपीआय_स्किप_टायमर_ओव्हरराइड’ आहे. काही नवी फर्मवेअर पीआयटीचं घड्याळच बंद ठेवतात आणि जुनं कर्नल ‘आयओ-एपिक आणि टायमर चालत नाही’ म्हणत पॅनिक होतं. तिथे उपाय एकच, पीआयटीची गरज नसताना त्याला न विचारणारं नवं कर्नल. एआरएमवर पहिल्या टप्प्यातल्या फर्मवेअरने सीएनटीएफआरक्यू रजिस्टरमध्ये वारंवारता लिहिलीच नाही, तर डिव्हाइस ट्रीत ‘क्लॉक-फ्रिक्वेन्सी’ देऊन वेळ मारून नेता येते, पण फर्मवेअर दुरुस्त करणंच योग्य, कारण त्या रजिस्टरवर यूजरस्पेस आणि व्हर्च्युअल मशीनही विसंबून असतात.

तुमच्या बोर्डापुरतं बोलायचं तर मी या क्रमाने जाईन. एलपीसी ब्रिजचा आयडी यादीत आहे का ते बघा. एचपीटीसीचा सातवा बिट वाचा; तो शून्य असेल तर तपासणीपुरता लावून टायमरचा काळ वाचा. काळ ६,९८,४१,२७९ आला तर क्वर्क्समध्ये ओळ घालून कर्नल बांधा, आणि चाचण्या पार पडल्या तर ती ओळ पॅच म्हणून मुख्य कर्नलकडे पाठवा. सोबत आयडी, बूट लॉग आणि सस्पेंडचा निकाल जोडा. मधल्या काळात जुनं कर्नल बूट मेनूत तसंच राहू द्या. बोर्ड दूरच्या जागी असेल तर नव्या कर्नलला फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडा आणि हार्डवेअर वॉचडॉग चालू ठेवा, म्हणजे घड्याळ अडकून यंत्र गोठलं तरी ते आपोआप रीसेट होऊन जुन्या कर्नलवर परत येईल.